हत्ती दिला, पण कशासाठी? बुद्धिबळाच्या इंजिनाची हल्ल्याच्या स्थितीवर परीक्षा

मराठवाड्यातल्या कुठल्याही जिल्हास्तरीय बुद्धिबळ स्पर्धेला जा, लातूर असो की नांदेड. फेरी संपली की मंगल कार्यालयाच्या दारापाशी पालकांचा घोळका मोबाईल घेऊन उभा असतो. आत लेकरू हरलेलं, बाहेर बाप विचारतोय, "सर, मोबाईल तर अडीचचा फायदा दाखवायलाय, मग हे हरलं कसं?" शेजारचा म्हणतो, "तुमचं ॲप जुनं हाय, माझ्यात बघा." मग दोन मोबाईल शेजारी शेजारी धरायचे, तीच स्थिती दोन्हींत मांडायची आणि ज्यानं आधी चाल दाखवली ते इंजिन, म्हणजे चाली शोधणारा प्रोग्राम, भारी, असा निकाल लावून मंडळी चहाला जातात.

इंजिन तपासायची ही रीत फक्त आपल्याकडची नाही. जगभर हेच चालतं. तिकडं स्थिती तेवढी नामांकित असते: एखाद्या दिग्गजानं हत्ती देऊन समोरच्या राजाला पटभर पळवलं, तो क्षण इंजिनापुढं ठेवायचा आणि घड्याळ लावायचं. यात गंमत आहे आणि शिकण्यासारखंही बरंच आहे. पण घड्याळातले सेकंद म्हणजे इंजिनाची ताकद, हा निष्कर्ष बहुतेक वेळा फसतो. कसा, ते एकाच डावावरून दाखवतो.

डाव आहे २० जानेवारी १९९९ चा, नेदरलँड्समधल्या वाइक आन झे या गावच्या स्पर्धेतला. पांढऱ्या बाजूला रशियाचा गॅरी कास्पारोव्ह, काळ्या बाजूला बल्गेरियाचा वेसेलिन टोपालोव्ह. घरी पट असेल तर मांडून घ्या, पुढचं सगळं याच स्थितीवर आहे. घराच्या नावात अक्षर म्हणजे उभी रांग (पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच) आणि आकडा म्हणजे आडवी (पांढऱ्याकडून १ ते ८). पांढरे: राजा बी१, वजीर एफ४, हत्ती डी१ आणि ई१, घोडा ए५, उंट एच३, प्यादी ए३, बी२, सी२, डी५, एफ३, जी३, एच२. काळे: राजा ए७, वजीर डी६, हत्ती डी८ आणि एच८, उंट ए८, घोडा एफ६, प्यादी ए६, बी५, सी५, डी४, एफ७, जी६, एच७. चोविसावी चाल, पांढऱ्याची पाळी.

कास्पारोव्हनं डी१ वरच्या हत्तीनं डी४ वरचं प्यादं मारलं. त्या प्याद्याला सी५ च्या प्याद्याचा जोर आहे, म्हणजे हत्ती सरळ सरळ फुकट जातो. टोपालोव्हनं तो घेतला. पंचविसाव्या चालीला दुसरा हत्ती ई७ वर आला, शह देत, आणि तोही काळ्या वजिराच्या तोंडात. हा दुसरा हत्ती वजिरानं खाल्ला तर? वजीर डी६ वरून हलला की बी६ या घरावरचा त्याचा पहारा उठतो. मग पांढरा वजीर डी४ वर शह, राजा बी८, वजीर बी६ वर शह, उंट मध्ये बी७ वर, घोडा सी६ वर शह, राजा कोपऱ्यात ए८, आणि ए७ वर मात. टोपालोव्हनं ते ओळखलं आणि राजा बी६ वर काढला. तिथून त्या राजाची जी वणवण सुरू झाली ती ए५, ए४, ए३, बी४, सी३, डी२ अशी थेट पांढऱ्याच्या पहिल्या रांगेत, डी१ वर जाऊन पोचली. ४४ व्या चालीला काळ्यानं डाव सोडला.

आता इंजिनाकडं येऊ. त्याला हे शोधणं अवघड का जावं?

इंजिन चाली मोजतं. एका स्थितीत साधारण तीसेक कायदेशीर चाली असतात असं धरा. अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९५० च्या निबंधात असाच हिशेब मांडला होता. डी४ वरच्या हत्तीच्या चालीपासून ३६ व्या चालीतल्या उंट एफ१ पर्यंत दोन्ही बाजूंच्या मिळून २५ चाली होतात. सगळ्या शक्यता तपासायच्या तर १ च्या पुढं सुमारे ३७ शून्यं येतात. १९९७ साली कास्पारोव्हला हरवणारा आयबीएमचा संगणक डीप ब्लू सेकंदाला २० कोटी स्थिती बघायचा. त्यालाही हे कधीच जमलं नसतं. म्हणून प्रत्येक इंजिन छाटणी करतं. अल्फा-बीटा या पद्धतीत, एका चालीला एक सणसणीत उत्तर सापडलं की त्या चालीची बाकीची उत्तरं बघायचीच नाहीत. हे गणिती दृष्ट्या सुरक्षित आहे, यात काही हातचं सुटत नाही.

गोम आहे ती पुढच्या छाटणीत. इंजिन चालींची आधी रांग लावतं. रांगेत पुढं असलेल्या चाली पूर्ण खोलीपर्यंत तपासायच्या, मागं असलेल्या वरवर. रांग लावताना एक झटपट हिशेब होतो: या घरावर मारामारी झाली तर हाती काय लागेल? आपल्या स्थितीत पाच गुणांचा हत्ती जातो आणि एक गुणाचं प्यादं येतं, निव्वळ चारचा तोटा. अशी चाल रांगेत मागं ढकलली जाते आणि उथळच बघितली जाते. उथळ बघितल्यावर काय दिसणार? हत्ती गेलेला. मग इंजिन पुढच्या फेरीत आणखी एक पातळी खोल जातं, तेव्हा कदाचित शह दिसतो, आणखी खोल गेल्यावर मात दिसते आणि एकदम स्कोअर, म्हणजे कुठली बाजू किती पुढं आहे याचा आकडा, उसळतो. बलिदानाची चाल इंजिनाला हळूहळू आवडू लागत नाही. बराच वेळ ती कुठंच नसते आणि मग अचानक पहिल्या ओळीत येते, ती यामुळं.

शह आणि मारामारी यांची लांबच लांब साखळी तरी बरी, कारण शहाला उत्तरं दोन-तीनच असतात आणि फांद्या कमी फुटतात. खरी परीक्षा शांत चालीची. या डावात २७ व्या चालीनंतर थांबा. पांढऱ्यानं हत्ती आणि घोडा दिलाय, बदल्यात दोन प्यादी मिळालीत. गुणांत मोजलं (घोडा तीनचा) तर सहाचा खड्डा. काळा राजा ए४ वर उघडा पडलाय. अशा वेळी कास्पारोव्हनं शह दिला नाही, काही मारलंही नाही. वजीर डी४ वरून गुपचूप सी३ वर नेला. धमकी एकच, बी३ वर मात. काळ्याला आता हवी ती चाल करायची मोकळीक आहे. इंजिन जिथं खोल शोध थांबवतं तिथं ते स्थिती निवळेपर्यंत फक्त मारामारीच्या आणि काही शहांच्या चाली पुढं बघतं. त्या शोधात ही वजिराची चाल येतच नाही. ती मुख्य शोधातच, आपल्या पाळीनं सापडावी लागते. शोध जिथं संपतो त्याच्या पलीकडचं नुकसान किंवा फायदा न दिसण्याला हान्स बर्लिनर यांनी क्षितिजाचा परिणाम असं नाव दिलं. ते पत्राद्वारे खेळायच्या बुद्धिबळातले विश्वविजेते होते आणि संगणकशास्त्रज्ञही, त्यामुळं ही दुखरी नस त्यांना दोन्ही बाजूंनी ठाऊक होती.

इथवर आलो की चाचणीचा पहिला घोळ दिसायला लागतो. लोक २४ व्या चालीची स्थिती देतात, उत्तर "हत्ती घेतो डी४" असं धरतात, आणि इंजिनानं तीच चाल दाखवली की टाळ्या. पण ही चाल जिंकणारी नाही! हत्ती न घेता काळ्यानं राजा बी६ वर नेला असता तर ए५ चा घोडा मारात आला असता आणि पुढं नीट खेळल्यावर डाव साधारण बरोबरीत राहिला असता. म्हणजे या स्थितीत आजच्या चांगल्या इंजिनानं डी४ ची चाल दाखवली आणि पुढं स्कोअर शून्याच्या आसपास लिहिला, तर ते बरोबर आहे. त्यानं दुसरीच एखादी चाल दाखवली आणि स्कोअर तेवढाच असला, तर तेही नापास नाही. "तुमच्या इंजिनाला कास्पारोव्हची चाल सापडली नाही" हे वाक्य ऐकलं की मी आधी स्कोअर विचारतो. ज्या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर नाही, त्यावर घड्याळ लावण्यात अर्थ नाही.

मग हा डाव चाचणीला निकामी का? अजिबात नाही. फक्त प्रश्न बदलायचा. डी४ चा हत्ती पटावर ठेवून काळ्याची पाळी द्या आणि इंजिनाला विचारा: काय करशील? इथं हत्ती खाणं ही घोडचूक, राजा बी६ हे उत्तर. चाचण्यांच्या संचांत दोन प्रकारच्या नोंदी असतात, "ही चाल सापडायला हवी" आणि "ही चाल टाळायला हवी". आपला प्रश्न दुसऱ्या प्रकारात चपखल बसतो. हल्ला तपासायचा तर बचाव विचारा, हे मला तरी जास्त पटतं. पाच गुणांचा हत्ती समोर असताना तो न खाणं, हे हल्ल्याची पूर्ण खोली दिसल्याशिवाय होत नाही. आजची इंजिनं साध्या लॅपटॉपवरही ही बचावाची चाल दाखवतात.

दुसरा प्रश्न, काळ्यानं हत्ती घेतल्यानंतरचा: पंचविसावी चाल, पांढऱ्याची पाळी. इथं पांढऱ्याचा वजीर काळ्या वजिराच्या मारात आहे, हत्ती गेलेला आहे, आणि हत्ती ई७ वर शह देणं हाच जिंकायचा रस्ता. उत्तर एक, कारण स्पष्ट. हल्ल्याची स्थिती म्हणून हा प्रश्न २४ व्या चालीपेक्षा कितीतरी चांगला, पण लोक तो विचारत नाहीत, कारण त्याला पहिल्या बलिदानाची ऐट नाही.

आणि तिसरा, सगळ्यात मजेदार, २८ व्या चालीचा. डावात खेळली गेली ती वजीर सी३. पण नंतर ग्रँडमास्टर ल्युबोमिर काव्हालेक यांनी दाखवलं की त्याच जागी हत्ती ए७ वर नेला असता तर विजय आणखी लवकर मिळाला असता. आता समजा तुम्ही डावातल्या चाली बघून उत्तरपत्रिका बनवली आणि २८ व्या चालीचं उत्तर "वजीर सी३" लिहिलं. जे इंजिन हत्ती ए७ दाखवेल ते तुमच्याकडं नापास होईल. परीक्षार्थी बरोबर आणि उत्तरपत्रिका चूक! अशा स्थितीत एक तर दोन्ही चाली मान्य करा, नाही तर चाल बाजूला ठेवून फक्त स्कोअर बघा: पांढरं जिंकतंय हे इंजिनाला कळलं का, एवढंच.

जाता जाता, याच टोपालोव्हच्या नावावर इंजिनांना छळणारी आणखी एक स्थिती आहे. १९९८, स्पेनमधली लिनारेस स्पर्धा, समोर अलेक्सेई शिरोव्ह. वेगवेगळ्या रंगांच्या घरांवरचे उंट, मोजकी प्यादी, डाव बरोबरीकडं निघालेला, आणि ४७ व्या चालीला शिरोव्हनं आपला उंट एच३ वर नेऊन देऊन टाकला. ना शह, ना मात. फक्त राजाला ई४ पर्यंत पोचायला एक चाल वाचावी म्हणून. फायदा इतका दूर की जुनी इंजिनं त्या चालीकडं ढुंकूनही बघत नसत. तिथं राजावर हल्ला नाही, त्यामुळं आपल्या विषयात ती पाहुणीच, पण बलिदान म्हणजे शह-मात असं ज्यांना वाटतं त्यांनी ती एकदा लावून बघावी.

प्रश्न नीट निवडला तरी मोजमापात घोळ होतोच. आणि त्यात आपल्या हवेचाही हात आहे. मे महिन्यात परभणीला पारा ४२-४३ ला टेकला की लॅपटॉपचा प्रोसेसर तापतो आणि जळू नये म्हणून स्वतःचा वेग उतरवतो. सकाळी सहाला जी चाल आठ सेकंदांत दिसली ती दुपारी दोनला चौदा सेकंद घेऊ शकते. इंजिन तेच, स्थिती तीच. त्यात लाईट गेली आणि लॅपटॉप बॅटरीवर आला की वेग आणखी पडतो, कारण बहुतेक लॅपटॉप बॅटरी वाचवायला प्रोसेसरला लगाम घालतात. कूलरसमोर ठेवलेला लॅपटॉप आणि खिशातून काढलेला गरम मोबाईल यांचे सेकंद एकमेकांशी ताडून बघण्यात काही राम नाही.

यावर उपाय सोपा आहे: सेकंद मोजायचेच नाहीत, नोड मोजायचे. नोड म्हणजे इंजिनानं तपासलेली एक स्थिती. प्रत्येक इंजिन विश्लेषणाच्या ओळीत किती नोड झाले ते सांगतं, आणि "अमुक इतक्या नोडवर थांब" अशी आज्ञाही घेतं. स्टॉकफिश या मोफत इंजिनाला एकाच थ्रेडवर (प्रोसेसरवर चालणाऱ्या शोधाच्या एकाच धाग्यावर), त्याच आवृत्तीत, हॅशच्या (इंजिनाच्या स्मृतीच्या) त्याच आकारात आणि पुसलेल्या स्मृतीनं चालवलं, तर एक कोटी नोडनंतरचं उत्तर लातूरच्या उन्हात आणि महाबळेश्वरच्या गारव्यात सारखंच येतं. गरम यंत्राला वेळ जास्त लागेल, पण उत्तर बदलणार नाही.

एकच थ्रेड का, तर अनेक थ्रेड एकाच वेळी शोधतात आणि सापडलेलं सामायिक तक्त्यात टाकतात. कोणाचं आधी पोचलं यावर पुढचा शोध ठरतो आणि हा क्रम दर वेळी थोडा वेगळा असतो. त्यामुळं आठ थ्रेडवर तीच स्थिती परत परत लावली तर एकदा तीन सेकंद, एकदा अकरा, असा खेळ चालतो. अनेक थ्रेडवरच चाचणी घ्यायची असेल तर प्रत्येक स्थिती कित्येकदा लावून मधला आकडा धरा. एकदाच लावून छाती फुगवू नका.

पुसलेल्या स्मृतीचा मुद्दा तर नव्वद टक्के लोक विसरतात. इंजिन बघितलेल्या स्थितींचे निकाल हॅश टेबलमध्ये साठवतं. तुम्ही डाव पुढं सरकवून मात बघितली आणि मग चाली मागं घेत २४ व्या चालीवर आलात, की पुढचं सगळं त्याला आधीच माहीत असतं. मग चाल झटक्यात दिसते आणि आपण म्हणतो, काय इंजिन आहे! प्रत्येक स्थितीआधी हॅश रिकामं करायचं बटण दाबा, नाही तर प्रोग्राम बंद करून परत उघडा.

वेळ किंवा नोड कधी टिपायचे हेही ठरवून घ्या. इंजिन कधी कधी बरोबर चाल लवकर दाखवतं, पुढच्या पातळीला ती सोडतं, मग पुन्हा धरतं. पहिल्यांदा दिसली तो क्षण धरायचा नाही. जिथून धरली ती शेवटपर्यंत सोडली नाही, तो क्षण धरायचा. त्याच्या जोडीला दोन गोष्टी बघायच्या: स्कोअर चालीला शोभणारा आहे का, आणि पुढची ओळ खरी आहे का. चाल बरोबर पण स्कोअर शून्य असेल, तर इंजिनाला कदाचित सततच्या शहांची बरोबरी दिसतेय, विजय नाही.

स्कोअरवरून दारातल्या त्या बापाचा अडीचचा फायदा आठवला. स्टॉकफिशच्या १५.१ या डिसेंबर २०२२ च्या आवृत्तीपासून +१.०० चा अर्थ असा बांधून घेतलाय की इंजिन विरुद्ध इंजिन खेळात त्या बाजूला जिंकायची शक्यता ५० टक्के. जुन्या आवृत्तीतला एक आणि नव्यातला एक यांचं माप वेगळं, म्हणून दोन ॲपांचे आकडे शेजारी ठेवून भांडू नये. आणि अडीचचा फायदा हा नेमकी चाल सापडली तरचा. ॲपमध्ये दोन-तीन ओळी दिसतील अशी सोय असते, ती चालू करा. पहिली ओळ +२.५ आणि दुसरी −१ असेल तर फायदा त्या एकाच चालीत अडकलेला आहे, आणि ती चाल हत्ती देण्याची असेल तर बारा वर्षांच्या लेकराला ती दिसली नाही यात त्याचा काय दोष! चाचणी घेताना मात्र ही जादा ओळींची सोय बंद ठेवा. ती चालू असली की इंजिनाला पहिल्या दोन-तीन चाली पूर्ण खोलीनं बघाव्या लागतात, शोधाचा मार्गच बदलतो, आणि लपलेलं बलिदान कधी कधी त्यामुळंच लवकर सापडतं.

दोन वेगळ्या घडणीच्या इंजिनांची तुलना करायची तर नोडचं मापही तोकडं पडतं. २०१७ च्या डिसेंबरमध्ये डीपमाइंड कंपनीच्या अल्फाझिरो या स्वतःशी खेळून शिकलेल्या प्रोग्रामनं स्टॉकफिश ८ शी १०० डाव खेळून २८ जिंकले आणि ७२ बरोबरीत सोडवले. एकही हरला नाही. त्याच वाटेनं २०१८ पासून लीला हे मुक्त इंजिन वाढलं. ते सेकंदाला स्टॉकफिशपेक्षा फार कमी स्थिती बघतं, पण प्रत्येक स्थितीवर मोठं न्यूरल नेटवर्क (डावांवरून शिकलेलं गणिती जाळं) खर्च करतं. कुठली चाल बघण्याजोगी आहे याचा अंदाज हे नेटवर्कच आधी बांधतं. एखाद्या बलिदानाला त्यानं सुरुवातीला अगदी कमी महत्त्व दिलं तर लीला तिकडं फिरकायलाच उशीर लावते, जरी पुढं चार चालींत मात असली तरी. उलट हल्ला दूरगामी असेल, लगेच मात नसून दबाव असेल, तर ती चाल लीलाला पहिल्या नजरेत आवडू शकते. स्टॉकफिशनंही २०२० च्या सप्टेंबरमध्ये, १२ व्या आवृत्तीत, एनएनयूई हे लहान नेटवर्क घेतलं. ही कल्पना २०१८ मध्ये यू नासू यांनी जपानी शोगी या खेळासाठी काढली होती. पण ते फक्त स्थितीला गुण देतं, शोधाची पद्धत जुनीच आहे. म्हणून स्टॉकफिशचा एक नोड आणि लीलाचा एक नोड एका तराजूत घालता येत नाहीत.

आता स्थितींच्या संचांबद्दल. १९८२ साली इव्हान ब्रात्को आणि डॅनी कोपेक यांनी २४ स्थितींची चाचणी मांडली, प्रत्येकीला दोन मिनिटं. त्यातल्या निम्म्या डावपेचांच्या आणि निम्म्या प्याद्यांच्या रचनेच्या होत्या. त्या काळच्या प्रोग्रामांना डावपेच जमायचे आणि प्यादी जमायची नाहीत, हे त्यातून नीट दिसलं. चाचणीचं काम हेच: इंजिन कुठं लंगडतं ते सांगणं. पुढं इंजिनं बनवणारे याच ठरावीक स्थितींवर आपले प्रोग्राम घासू लागले. आपल्याकडं लातूर पॅटर्नमध्ये वाढलेल्या कुणालाही पुढचं सांगायला नको. सराव परीक्षेत त्याच प्रश्नसंचावर पैकीच्या पैकी पडायला लागले की त्या संचाचं काम संपलं, नवा पेपर काढायला हवा. कास्पारोव्ह-टोपालोव्ह डाव तर इतका दळून झालाय की त्यावर पास होणं ही बातमीच उरलेली नाही.

यात एक उलटा पेचही आहे, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. इंजिनाची छाटणी सैल केली, मागच्या चालीही खोल बघायला लावल्या, तर बलिदानं लवकर सापडतात. पण तेवढ्याच वेळात एकूण खोली कमी होते आणि साध्या स्थितींत इंजिन कमजोर खेळतं. डावात शंभरातल्या नव्याण्णव स्थिती साध्याच असतात. म्हणून कोडी सोडवण्यासाठीच बदललेल्या स्टॉकफिशच्या आवृत्त्या कोड्यांत मूळ इंजिनाला मागं टाकतात आणि डावांत त्याच्याकडून मार खातात. दोन्ही खरं आहे. तुम्हाला जुन्या डावांतली बलिदानं तपासायची असतील तर पहिलं घ्या, खेळाचा दर्जा हवा असेल तर दुसरं.

इंजिनाची ताकद मोजायची ती डाव खेळवूनच. स्टॉकफिशचं त्यासाठी फिशटेस्ट नावाचं जाळं आहे, २०१३ पासून चालू. जगभरच्या स्वयंसेवकांचे संगणक त्यात जोडलेले असतात. कोणी कोडमध्ये एक ओळ बदलली तरी नवी आणि जुनी आवृत्ती एकमेकींशी हजारो डाव खेळतात, आधी १० सेकंद अधिक चालीमागं ०.१ सेकंद अशा वेगानं, तिथं टिकली तर ६० सेकंद अधिक ०.६ अशा वेगानं. सुरुवातीच्या नेहमीच्या मांडणीवरून ही इंजिनं बरोबरीच बरोबरी करतात, म्हणून मुद्दाम एका बाजूला झुकलेल्या प्रारंभांवरून डाव लावतात. दोन-तीन एलो गुणांचा (ताकद मोजायच्या गुणांचा) फरक खरा की योगायोग, हे ठरवायला हजारो डाव लागतात. मग एका स्थितीवरून कुठलं इंजिन भारी हे ठरणार कसं?

तरीही मी स्थितींवर चाचणी घ्या असंच म्हणेन, पण स्वतःच्या स्थितींवर. बीडच्या किंवा हिंगोलीच्या स्पर्धेतल्या डावपत्रिका काढा, ज्यात कोणी हत्ती किंवा घोडा देऊन हल्ला चढवलाय. त्या कुठल्याही संचात नसतात. त्यातली प्रत्येक स्थिती आधी मोठ्या लॅपटॉपवर रात्रभर लावा, दोन ओळी चालू ठेवून. पहिली ओळ स्पष्ट जिंकतेय आणि दुसरी नाही, असं दिसलं तरच ती संचात घ्या. दोन्ही जिंकत असतील तर टाकून द्या. मग जिंकणारी चाल खेळून समोरच्या बाजूचा सगळ्यात चिवट बचाव इंजिनाकडून काढा आणि त्यानंतरही विजय टिकतो का बघा. २४ व्या चालीचा हत्ती नेमका इथंच अडला होता. बहुतेक स्थिती या गाळणीतून खालीच पडतील, पंधरा-वीस राहिल्या तरी पुष्कळ. प्रत्येकीसमोर इंजिनाची आवृत्ती, थ्रेड, हॅशचा आकार आणि चाल पक्की धरली तेव्हाचे नोड लिहून ठेवा, म्हणजे नवी आवृत्ती आली की तोच तक्ता पुन्हा भरता येईल.